बेकार राहणं परवडतं कोणाला?

कोरोनाचा विषय निघाला की सुखवस्तू मंडळींकडे एक उत्तर तयार असतं: झालं गेलं, देश सावरला, आता तेच ते उगाळू नका. या उत्तराला आधार नाही असं नाही. जानेवारी २०२१ मध्ये आलेल्या आर्थिक पाहणीनेच इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या उसळीची ग्वाही दिली होती. एप्रिल ते जून २०२१ या तिमाहीत अर्थव्यवस्था २०.१ टक्क्यांनी वाढली. सरकारच्या वार्षिक श्रमबल सर्वेक्षणात तर बेरोजगारीचा दर २०१८-१९ मधल्या ५.८ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आलेला दिसतो. महासाथीने रोजगार मोडला म्हणता, मग बेकार गेले कुठे, असा या पक्षाचा सवाल.

पहिल्या आकड्याचा निकाल पाटीवर लागतो. २०२० च्या त्याच तिमाहीत उत्पादन सुमारे २४ टक्क्यांनी कोसळलं होतं. शंभराचे झाले ७६. त्यावर २० टक्के वाढ धरली तर होतात ९१. विक्रमी वाढीचे ढोल वाजत होते तेव्हाही देश २०१९ च्या मागेच होता. ही तूट पुढे भरून निघाली आणि एकूण उत्पन्न कोरोनापूर्व पातळी ओलांडून बरंच पुढे गेलं, हे मान्यच करायला हवं. खरा वाद बेरोजगारीच्या आकड्याशी आहे.

हा आकडा कसा तयार होतो ते पाहण्यासारखं आहे. समजा, भिवंडीच्या गोदामातली हमाली सुटली म्हणून एक तरुण गावी परतला आणि भावाच्या दीड एकरात खुरपणी, पाणी देणं असं काहीबाही करू लागला. दिवसाची मजुरी नाही, दोन वेळचं जेवण मात्र आहे. सर्वेक्षणाचा माणूस दारात येऊन वर्षभराच्या कामाची चौकशी करतो. नेहमीच्या स्थितीच्या निकषात वर्षातून ३० दिवसांचं दुय्यम कामही मोजलं जातं आणि घरच्या शेतातली बिनपगारी मदत हेही कामच धरलं जातं. तरुण ‘रोजगारात’ जमा होतो. यात लबाडी कोणाची नाही, व्याख्याच तशी आहे. पण ज्याचं हातावर पोट आहे त्याला बेकार राहणं परवडत नाही. मिळेल ते काम तो करतो, आणि त्यातून दर खाली येतो.

म्हणून दर बाजूला ठेवून त्याच सर्वेक्षणातले शेजारचे रकाने वाचावेत. शेतीवर काम करणाऱ्यांचा वाटा २०१८-१९ मध्ये ४२.५ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४६.१ टक्के आहे. घरच्या धंद्यात बिनपगारी राबणाऱ्यांचं प्रमाण याच काळात १३.३ वरून १९.४ टक्क्यांवर गेलं. नियमित पगारदार २३.८ वरून २१.७ वर उतरले. स्त्रियांचा श्रमबलातला सहभाग २४.५ वरून ४१.७ टक्के झाला, याचा फार गवगवा होतो. स्वागत जरूर करावं, पण यातल्या कितीजणींच्या हातात महिन्याला पैसे पडतात हेही विचारावं. माणसं शेतातून कारखान्याकडे जातात, हे विकासाचं पाठ्यपुस्तकी वर्णन. इथे माणसं उलटी चालत गेली आणि त्यातली पुष्कळशी तिथेच राहिली. दुसऱ्या टोकाला, २०२३-२४ मध्ये निफ्टी-५०० कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि मनुष्यबळ १.५ टक्क्यांनी. हे कोण्या डाव्या चळवळीच्या पत्रकातलं नाही, सरकारच्याच आर्थिक पाहणीतलं आहे.

गिऱ्हाईकही असंच दुभंगलं. देशात २०१८-१९ मध्ये सुमारे २.११ कोटी दुचाकी विकल्या गेल्या. २०२१-२२ मध्ये हा आकडा १.३५ कोटींवर घसरला आणि २०२४-२५ मध्येही १.९६ कोटींपर्यंतच पोहोचला. मोटारी मात्र ३३.८ लाखांवरून ४३ लाखांवर गेल्या. यावर प्रतिपक्ष म्हणेल, दुचाकींची घसरण कोरोनाआधीच सुरू झाली होती, विम्याने आणि बीएस-६ या प्रदूषणाच्या नियमाने त्या महागल्या. बरोबर आहे. पण त्याच नियमांनी मोटारीही महागल्या होत्या. तरी त्यांची विक्री वाढली कशी? महागाई सोसण्याची ऐपत एकाकडे उरली, दुसऱ्याकडे नाही.

या दुभंगापेक्षा ज्या बदलांचा कोरोनाकाळात गाजावाजा झाला, ते कितीतरी कच्चे निघाले. टीसीएसने २०२० मध्ये सांगितलं होतं की २०२५ पर्यंत फक्त २५ टक्के कर्मचाऱ्यांना कार्यालयात यावं लागेल. २०२३ मध्ये त्याच कंपनीने सगळ्यांना आठवड्याचे पाचही दिवस हजर राहायला सांगितलं. मुलं आता पडद्यावरच शिकणार या भरवशावर फुगलेली बायजूज ही कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. घरून कामाची चैन आली आणि बरीचशी गेली. बिनपगारी खुरपणी टिकली.

मग सावरलं काहीच नाही का? सावरलं, आणि कशाने तेही स्पष्ट आहे. फुकट धान्याने आणि रोजगार हमीने. २०२०-२१ मध्ये मनरेगाच्या कामावर साडेसात कोटींहून अधिक कुटुंबं आली. आदल्या वर्षी ती साडेपाच कोटींच्या आसपास होती. अर्थसंकल्पातले ६१,५०० कोटी पुरेनात म्हणून मे महिन्यात आणखी ४०,००० कोटी द्यावे लागले. या योजनेचं मूळ महाराष्ट्रात. वि. स. पागे यांची कल्पना, १९७२ च्या दुष्काळातला अनुभव आणि १९७७ चा कायदा. तिच्यासाठी पैसा उभा केला तो शहरी नोकरदारांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या व्यवसाय करातून.

या हमीची हद्द गावाच्या वेशीशी संपत होती. टाळेबंदीत धंदा बुडाला तो शहरात, आणि हक्काचं काम मिळालं ते गावात. पोटासाठी गाव गाठणं भाग पडण्याचं हेही एक कारण होतं. मे २०२० मध्ये जालन्याच्या पोलाद कारखान्यातून गावाकडे निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर मालगाडीखाली गेले. त्यांना जिथे होते तिथेच हक्काने मागता येईल असं एक दिवसाचंही काम नव्हतं.

शहरी रोजगार हमी हा स्वप्नरंजनाचा विषय नाही. केरळने २०१० मध्ये, राजस्थानने २०२२ मध्ये ती सुरू केली. झाडं लावणं, नाले साफ करणं, शाळांची डागडुजी अशी कामं कोणत्याही नगरपालिकेकडे पडून असतात. महाराष्ट्रातल्या पगारदाराच्या पावतीवर आजही दरमहा २०० रुपयांचा व्यवसाय कर दिसतो, फेब्रुवारीत ३००. त्यातला काही हिस्सा इचलकरंजीच्या किंवा मालेगावच्या मंदीत रिकाम्या बसलेल्या माग कामगारासाठी राखून ठेवायला नवा कर लावावा लागत नाही. विधिमंडळात एक दुरुस्ती मांडावी लागेल, एवढंच.