परसातील कोंबडी आणि अपुरे पशुआरोग्य

भारतातील कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू झाल्याचे सरकारने प्रथम जाहीर केले ते १८ फेब्रुवारी २००६ रोजी, आणि ते गाव होते खानदेशातील नवापूर. १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेला हा तालुका आज नंदुरबारमध्ये मोडतो. तेथे रोग आढळला तो हजारो पक्ष्यांच्या व्यापारी शेडमध्ये. पुढच्याच महिन्यात मात्र त्याच रोगाने जळगाव जिल्ह्यातील काही खेडी गाठली, आणि या खेपेस बळी पडल्या त्या घरोघरच्या परसातील कोंबड्या. या दोन घटनांचा उल्लेख बहुधा एका दमात केला जातो. अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्या भिन्न आहेत. नवापूरचे नुकसान हे उद्योगाचे नुकसान होते. त्याला हिशेबाची वही होती, संघटना होती, बँकेचे कर्ज होते. जळगावच्या खेड्यांतील नुकसानीला यांपैकी काहीच नव्हते.

परसातील कोंबडीकडे स्वतंत्र धंदा म्हणून पाहिल्यास तिचे महत्त्व ध्यानात येणार नाही. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यातील शेतमजुराचे घर असो की साक्री-शिरपूरच्या डोंगराळ भागातील आदिवासी पाडा असो, एकाच अंगणात एखादी म्हैस, दोन-चार शेळ्या, एक कुत्रा आणि आठ-दहा कोंबड्या नांदतात. हे सारे एकमेकांच्या आधाराने चालते. गोठ्यात सांडलेले दाणे आणि शेणातील किडे कोंबडी वेचते, जनावरांच्या आसपासच्या गोचिडी टिपते, आणि तिची विष्ठा उकिरड्यात जाऊन खताचा कस वाढवते. तिच्या खाद्यावर रोख खर्च जवळजवळ होत नाही. गावठी कोंबडी वर्षाला फार तर साठ-सत्तर अंडी देते हे खरे. पण तो पैसा बहुधा घरातील स्त्रीच्या हाती राहतो, आणि वहीपेनापासून औषधाच्या बाटलीपर्यंतच्या किरकोळ गरजा त्यातून भागतात. म्हैस ही कुटुंबाची ठेव आणि शेळी ही अडीअडचणीची पुंजी म्हटली, तर कोंबडी ही रोजची चिल्लर होय.

ही चिल्लर थोडी नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील ८५ कोटी १८ लाख कोंबड्या व तत्सम पक्ष्यांपैकी ३१ कोटी ७१ लाख परसातील होते. २०१२ च्या तुलनेत व्यापारी पक्ष्यांची संख्या जेमतेम साडेचार टक्क्यांनी वाढली, तर परसातील संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी. जो व्यवसाय मागासलेला म्हणून मोडीत निघेल असे नियोजनकार धरून चालले होते, तोच अधिक वेगाने वाढला, असा याचा अर्थ आहे.

धोरणाने या वाढीची दखल कशी घेतली? राष्ट्रीय पशुधन अभियानाच्या २०२१ मधील सुधारित रूपात ग्रामीण कुक्कुटपालनासाठी पन्नास टक्के, कमाल २५ लाख रुपयांचे अनुदान आहे. पण त्यासाठी किमान एक हजार पैदाशीच्या कोंबड्या हव्यात. सुधारित जातींची पिल्ले वाटण्याच्या योजनाही आहेत. हैदराबादच्या संस्थेने विकसित केलेली ‘वनराज’ परसातही वर्षाला शंभराहून अधिक अंडी देऊ शकते. परंतु वाटलेले पिल्लू जगले तरच त्या अंड्यांना अर्थ आहे.

आणि पिल्लू मरते ते बर्ड फ्लूने क्वचितच. मरते ते बहुधा मानमोडीने. राणीखेत या नावानेही ओळखला जाणारा हा रोग लस न दिलेल्या परसात शिरला की बहुतेक खुराडे रिकामे करूनच जातो. त्यावरील लस जुनी आहे, स्वस्त आहे, आणि पुण्याच्या औंध येथील शासकीय संस्थेत ती तयारही होते. पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकात थेंब आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचणी, एवढेच तिचे वेळापत्रक. अडचण वेगळीच आहे. लसीची कुपी शंभर वा अधिक मात्रांची असते. ती सतत थंड ठेवावी लागते, आणि एकदा पातळ केली की दोन-तीन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या मालकिणीने ती आणावी कशी? लस स्वस्त असूनही तिच्यापुरती महागच ठरते. पन्नास घरांनी एकाच सकाळी कोंबड्या डालल्या तर मात्र तीच लस प्रत्येकीला काही पैशांत पडते. जे एकटीला परवडत नाही आणि गावाला सहज परवडते, ते सार्वजनिक व्यवस्थेने करायचे असते.

ही व्यवस्था नव्याने उभारावी लागेल असेही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमासाठी केंद्राने पाच वर्षांकरिता १३,३४३ कोटी रुपये मंजूर केले. लाळ-खुरकुतीची लस घेऊन लसटोचक त्याच अंगणात येतो, म्हशीला टोचतो आणि निघून जातो. शेजारच्या खुराड्याशी त्याचे काही देणेघेणे नसते. खात्याच्या कागदावर म्हैस आणि कोंबडी वेगवेगळ्या शीर्षांत मोडतात. अंगणात त्या एकाच छपराखाली असतात.

हा विभक्त विचार आता धोक्याचाही ठरू लागला आहे. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील टेक्सास व कॅन्सास या राज्यांत दुभत्या गायींना बर्ड फ्लू झाल्याचे उघड झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातील तीन वाघ व एक बिबट्या याच विषाणूने दगावले, आणि पाठोपाठ मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे पाळीव मांजरांत तो आढळला. यावरून परसातील प्रत्येक मांजराकडे संशयाने पाहण्याचे कारण नाही. मात्र मेलेली कोंबडी कुत्र्या-मांजरापुढे किंवा उकिरड्यावर न टाकता खोल पुरणे, तिला रात्री गव्हाणीवर बसू न देता वेगळ्या खुराड्यात कोंडणे, तिचे दाणे शेळीच्या तोंडी लागू न देणे (अधाशीपणे खाल्लेल्या धान्याने शेळीचे पोट फुगून ती दगावू शकते), आणि खुराडे हाताळल्यावर साबणाने हात धुऊन मगच धार काढणे, या साध्या गोष्टी आता सर्व अंगणाच्या आरोग्याशी निगडित झाल्या आहेत. त्या सांगणारे माणूस गावात हवे.

शिवाय प्रश्न विश्वासाचा आहे. साथ आली की बाधित परिसरातील सर्व पक्षी मारले जातात. २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये अनेक खेडुतांनी कोंबड्या लपविल्या, कारण मिळणारी भरपाई त्यांना तोकडी वाटली. भरपाईचे दर अंड्यांची कोंबडी, मांसाची कोंबडी आणि पिल्लू अशा व्यापारी वर्गवारीवर बेतलेले असत. गावठी कोंबडी अंडी देते, बाजारात मांसाच्या भावाने विकली जाते आणि पुढची पिढीही स्वतःच उबवते. ती या कोणत्याच रकान्यात बसत नाही. ज्या खात्याचा माणूस एरवी कधी दारात येत नाही, तो फक्त मारण्यासाठी आला तर त्याला सहकार्य मिळावे कसे?

फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापूरच्या शेडमध्ये रोग पुन्हा शिरला, तेव्हा तेथील यंत्रणेच्या गाठीशी पूर्वीचा अनुभव होता. परसाच्या वाट्याला तशी तयारी यावयाची असेल, तर पंचायतीने दर दोन-तीन महिन्यांनी मानमोडीच्या लसीचा एक दिवस ठरवावा, बचतगटांच्या पशुसखींना थेंब व टोचणीचे शिक्षण द्यावे, आणि म्हशीच्या लसीकरणाच्या फेरीतच खुराड्याची नोंद व्हावी. अशी नोंद असेल तर साथीच्या काळात भरपाईचा हिशेबही तिच्यावरूनच करता येईल. यासाठी लागणारा पैसा आजच्या तरतुदींच्या मानाने नगण्य आहे. पिल्ले वाटण्यावर खर्च करणाऱ्या शासनाने ती जगविण्यावर त्याचा अल्पांश खर्च केला, तरी खानदेशातील हजारो स्त्रियांच्या हातातील चिल्लर शाबूत राहील.