बोट खरी, शेवटची पाटी संशयास्पद

‘द सी वुल्व्ज’ हा 1980चा इंग्रजी चित्रपट आमच्या मालवणच्या घरात चतुर्थीला हमखास भांडण लावतो. भजनं आटोपतात, काळ्या वाटाण्याची उसळ पोटात जाते आणि मुंबईहून आलेल्यांपैकी कुणीतरी तो टीव्हीवर लावतो. कथा गोव्यातली, चित्रीकरण गोव्यातलं, आणि मुरगाव बंदर घरातल्या प्रत्येकाने कधी ना कधी पाहिलेलं. मग दोन तट पडतात. मामांची हयात मालवाहू बोटींच्या इंजिनरूममध्ये गेली. त्यांच्या मते असा सिनेमा पुन्हा झाला नाही. भाची कॉलेजात इतिहास शिकवते. तिच्या मते ही निवृत्त साहेबांची फुशारकी आहे, तीही रंगीत.

मी दोघांचं ऐकतो आणि दोघांशीही पुरता सहमत होत नाही.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दुसरं महायुद्ध सुरू होताच तीन जर्मन जहाजांनी पोर्तुगिजांच्या मुरगाव बंदरात आसरा घेतला, पुढे एक इटालियन जहाजही तिथेच अडकलं. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे तिथे त्यांना कुणी हात लावू शकत नव्हतं. त्यातल्या ‘एहरेनफेल्स’वर चोरटा बिनतारी संच आहे, त्यावरून पाणबुड्यांना आपल्या जहाजांच्या खबरा जातात, असा ब्रिटिशांना संशय होता. उघड सैन्य पाठवणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांच्या गुप्त कारवाया करणाऱ्या खात्याने कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतले 14 आणि कलकत्ता स्कॉटिशमधले 4 असे अठरा जण गोळा केले. बहुतेक पोट सुटलेले, दिवसा कचेरीत बसणारे आणि संध्याकाळी क्लबात पिणारे. बंदरातला गाळ वाहून नेणारी ‘फीबी’ नावाची बोट कलकत्त्याहून सिलोनला वळसा घालून कोचीनला आली, मंडळी रेल्वेने कोचीनला पोहोचली, आणि 9 मार्च 1943च्या रात्री त्यांनी ‘एहरेनफेल्स’वर छापा घातला. तिचा कप्तान आणि काही खलाशी मारले गेले. जर्मनांनी जहाज शत्रूच्या हाती लागू न देता स्वतःच बुडवलं. उरलेल्या तीन जहाजांवरच्या लोकांनीही तेच केलं. तटस्थ बंदरात घुसल्याचं कबूल करणं परवडणारं नव्हतं, त्यामुळे कुणाला पदक मिळालं नाही. पस्तीस वर्षांनी, 1978मध्ये, जेम्स लीझर यांनी ‘बोर्डिंग पार्टी’ हे पुस्तक लिहिलं आणि त्यावरून अँड्र्यू मॅकलॅग्लेन यांनी हा चित्रपट केला.

आता मामांची बाजू. ग्रेगरी पेक तेव्हा साठी ओलांडलेला, ट्रेव्हर हॉवर्डही तसाच, डेव्हिड निव्हन सत्तरीत. चित्रपट आला तेव्हा इतक्या म्हाताऱ्यांना हाणामारीला जुंपल्याबद्दल बरीच थट्टा झाली. माझ्या मते चित्रपटाचा जीव तिथेच आहे. मोहिमेसाठी कोण येतो असं विचारल्यावर क्लबातले सगळे हात वर करतात, आणि मग कवायतीत त्यांची दमछाक होते. हे पाहताना हसू येतं, पण ते हसू त्यांना हिणवणारं नाही. ज्यांना कुणी लढाईवर नेलं नव्हतं, त्यांना एकदा जायचं आहे, एवढंच त्यामागे आहे. निव्हन चेहऱ्यावर फारसं काही न दाखवता ते दाखवतो. आणि ती बोट! मामा म्हणतात, “सिनेमा खोटो असांदे, बोट खरी आसा.” जुन्या बोटीचं इंजिन कसं कुरकुरतं आणि त्याच्यापुढे माणसं कशी चिडतात, यावर त्यांच्याशी वाद घालायची माझी लायकी नाही.

पण पेकचा इंग्रज कर्नल शेवटपर्यंत अमेरिकन वाटतो, हे मामांनाही मान्य करावं लागतं. दुसरी गोष्ट रॉजर मूरची. तो तेव्हा चालू बाँड होता. निव्हनने 1967च्या ‘कसिनो रॉयाल’ या विडंबनात बाँड केला होता. एका चित्रपटात दोन बाँड म्हटल्यावर निर्मात्याला मोह आवरला नसावा. त्यामुळे मूर पार्टीचा कोट घालून नाचतो, श्रीमती क्रॉमवेल नावाच्या गूढ सुंदरीच्या मागे लागतो, आणि तेवढा वेळ बोट आणि म्हातारे खोळंबून राहतात. ही बाई पूर्णपणे कल्पनेतली आहे. खरी हेरगिरी याहून रुक्ष आणि जास्त काळी होती. लीझर सांगतात त्याप्रमाणे, छाप्याआधी काही महिने ब्रिटिशांनी पणजीत राहणाऱ्या रॉबर्ट कॉख या जर्मन हेराला बायकोसकट उचलून ब्रिटिश हद्दीत नेलं होतं. त्या नवराबायकोचा विचार करत बसलं की मूरचा कोट डोळ्यांना टोचायला लागतो.

तरीही हे सगळं मी माफ करीन. साहसपटात एखादी सुंदरी असायचीच. मला माफ करवत नाही ती शेवटची पाटी. त्या मार्चच्या पहिल्या अकरा दिवसांत पाणबुड्यांनी हिंदी महासागरात बारा जहाजं बुडवली आणि छाप्यानंतर उरलेल्या महिन्यात फक्त एक, अशा अर्थाचा मजकूर पडद्यावर येतो. प्रेक्षक समाधानाने उठतो. मात्र त्या दिवसांत ‘झेहुंड’ नावाची जर्मन पाणबुड्यांची टोळी दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याला शिकार करत होती. यू-160 या पाणबुडीने 3 आणि 4 मार्चला डर्बनहून निघालेल्या एका ताफ्यातली जहाजं बुडवली, तीही तिथल्याच पाण्यात. मुरगावला साडेतीन वर्षं नांगर टाकून बसलेल्या जहाजाला डर्बनचा ताफा कधी निघतो हे कुठून कळणार? पुढे जहाजं वाचली, त्याला पाणबुड्यांचं इंधन आणि टॉर्पेडो संपत येणं हे कारण जास्त पटण्यासारखं आहे.

हे मी मामांना सांगितलं, तेव्हा मला वाटलं ते चिडतील. त्यांनी स्वतः डर्बन बंदर पाहिलेलं. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “डर्बन खंय, मुरगाव खंय!” आणि पुढे, “पण त्या अठरा जणांका ह्यां म्हायत नव्हतां मा?” हा प्रश्न मला चित्रपटापेक्षा मोठा वाटतो. माणसं जिवावर उदार होऊन गेली, आणि ज्या कारणासाठी गेली ते कदाचित पोकळ होतं. हा खरा चित्रपट होता. शेवटच्या दोन ओळी लिहून चित्रपटवाल्यांनी तो घालवला.

भाचीचा मुद्दा वेगळा आहे. 9 मार्च 1943 हा कार्निव्हलचा शेवटचा दिवस, दुसऱ्या दिवशी उपवासाचा काळ सुरू होणार. जर्मन खलाशी जहाज सोडून किनाऱ्यावर मौजेला जावेत म्हणून तो मुहूर्त साधला गेला. म्हणजे सारा बेत गोंयकारांच्या सणावर उभा, आणि पडद्यावर गोंयकार दिसतो तो फक्त गर्दीत. बंदरातला एखादा पागी, हमाल, जकातीचा कारकून, चार जहाजं पेटल्यावर काठावर उभी राहिलेली माणसं, यातल्या कुणाचंही तोंड आपल्याला आठवत नाही. तिचं म्हणणं बरोबर आहे. तीनच वर्षांनी, 18 जून 1946ला, मडगावात राममनोहर लोहियांनी पोर्तुगीज राजवटीविरुद्ध सभा घेतली. या लोकांना स्वतःचंही काही म्हणणं होतं, हे तेव्हा जगाला दिसलं.

पण मग मी तिला विचारतो, आपण काय केलं? ख्वाजा अहमद अब्बास यांचा ‘सात हिंदुस्तानी’ (1969) आज अमिताभ बच्चनचा पहिला चित्रपट एवढ्यापुरताच लोकांना ठाऊक आहे. त्यात गोव्यात घुसणारे आपलेच लोक आहेत, जलाल आगाने केलेला मराठी सखाराम शिंदेही आहे. हेतू सोन्यासारखा, पण पात्रं भाषणं करतात आणि समोरचा पोर्तुगीज मात्र पुठ्ठ्याचा. बांद्याहून पलीकडे गेलं की पत्रादेवीचं हुतात्मा स्मारक लागतं. 15 ऑगस्ट 1955ला तिथे सत्याग्रहींवर गोळ्या चालल्या. त्या सीमेवरून माणसं कशी आत जात, कोण वाट दाखवी, कोण फितूर होई, यावर थरारक मराठी चित्रपट बनायला काय हरकत होती? साहेबाने स्वतःच्या म्हाताऱ्यांवर चित्रपट काढला, यात साहेबाचा दोष मला तरी दिसत नाही.

2004पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो. तिथे एका संध्याकाळी हे दोन्ही चित्रपट पाठोपाठ दाखवावेत, आणि मधल्या वेळात पडद्यावर हिंदी महासागराचा मोठा नकाशा लावावा, मुरगाव आणि डर्बन दोन्ही दिसतील असा. मामा यायला तयार आहेत; त्यांची अट एवढीच, की मूरच्या नाचाच्या वेळी त्यांना बाहेर चहाला जाऊ द्यावं. भाची म्हणते, मी ‘सात हिंदुस्तानी’तल्या भाषणांच्या वेळी जाईन.