चार माणसं हवीतच!

मैत्रिणींनो, मसाला म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे मिसळणाचा डबा येतो. पण अमेरिकेत 'मसाला' नावाचा हृदयविकाराचा एक मोठा अभ्यास आहे, हे मला परवा आमच्या थोरल्या जाऊबाईंकडून कळलं.

भाऊजी आणि त्या पंचवीस वर्षांपूर्वी शिकागोजवळ स्थायिक झाले. गेल्या वर्षी भाऊजींना हृदयविकाराचा झटका आला. वय अवघं ५४! सिगारेट नाही, अंगानेही सडपातळ. आम्ही थक्क झालो. डॉक्टर मात्र झाले नाहीत. आपल्याकडून तिकडे गेलेल्यांना हा धोका गोऱ्या अमेरिकनांपेक्षा जास्त असतो, हे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१८ साली सांगितलंच आहे. मधुमेह, रक्तदाब ही कारणं आहेतच. पण सोबतीच्या माणसांचाही त्यात वाटा असतो.

'मसाला' २०१० साली सुरू झाला. शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्को भागातल्या, ४० ते ८४ वयाच्या ९०६ दक्षिण आशियाई माणसांपासून. त्यांचं रक्त तपासलं, आणि पुढे 'तुमच्या जवळची माणसं कोण?' हेही विचारलं. ज्यांच्या जवळचं कुणी व्यायाम करतं, ते स्वतःही जास्त व्यायाम करताना दिसले. एकटेपणाचं म्हणाल, तर २०१६ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा एकाकी माणसांत हृदयविकाराचा धोका २९ टक्के जास्त आढळला.

"पण वहिनी, तुमच्याकडे तर माणसांची केवढी ये-जा!" मी म्हटलं.

"अगं, दर शनिवारी जेवणं असायचीच. सामोसे, गुलाबजाम, रात्री अकरापर्यंत बैठक. पण ह्यांची नोकरी गेली, तेव्हा तीन महिने कुणाला सांगू दिलं नाही मला. लोक काय म्हणतील म्हणून!"

पाहिलंत? घर माणसांनी भरलेलं, आणि मन मोकळं करायला कुणी नाही. आता तीच मंडळी शनिवारी सकाळी तळ्याकाठी फिरायला जमतात. जेवणंही होतात, पण तळणाचा पदार्थ एकच. भाऊजी चालता चालता बोलू लागलेत.

तुमचंही कुणी परदेशी असेल ना? मग फोनवर "जेवलीस का?" एवढंच विचारू नका. "फिरायला कोणाबरोबर जातेस? अडचण कोणाला सांगतेस?" हेही विचारा. नातवंडांसाठी सहा महिने जाणाऱ्या आजी-आजोबांना लेकी-सुनांनी तिथे चार ओळखी जरूर करून द्याव्यात.

मात्र एक ध्यानात ठेवा. सोबतीने औषधं सुटत नाहीत, आणि छातीत दुखलं तर आधी रुग्णवाहिका बोलवायची, फोनाफोनी नंतर. भाऊजींनी त्या रात्री "लोकांना कशाला उठवायचं?" म्हणत तासभर घालवला होता. नशीब म्हणून निभावलं, बरं का!