विश्लेषण : विमान शिकवणारे आपल्याकडे, मग इंजिन परदेशी का?

नंदुरबार जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. वैमानिक व्हायचे तर येथील तरुणांना धुळे आणि शिरपूरची प्रशिक्षण केंद्रे जवळ पडतात. १ जुलै १९९८ पर्यंत हा सगळा एकच जिल्हा होता. मात्र जगभरातील बहुतेक छोट्या प्रशिक्षण विमानांत इंजिन असते ते अमेरिकेच्या लायकमिंग, कॉन्टिनेन्टल किंवा ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सचे. बेंगळूरुच्या ‘एनएएल’ने विकसित केलेल्या ‘हंसा-एनजी’ या दोन आसनी विमानातही रोटॅक्सच आहे.

प्रशिक्षकाला इंजिनाचे काय कळते?

व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. त्यात विद्यार्थी पुन:पुन्हा उड्डाण आणि अवतरणाचा सराव करतो. पूर्ण शक्तीने झेप, लगेच शक्ती कमी करून उतरणे, पुन्हा झेप. इंजिन सतत तापते व थंड होते. सिलिंडरवर त्याचा ताण येतो. खानदेशातील उन्हाळ्यात हवा विरळ झाल्याने शक्ती घटते आणि धावपट्टी जास्त लागते. हे सर्व प्रशिक्षक रोज पाहतो. तोच सुट्या भागांच्या आरेखनात सहभागी असेल, तर कोणता भाग कधी कुरकुरतो हे थेट अभियंत्यांच्या टेबलावर पोहोचते.

राज्यातील जवळचे उदाहरण कोणते?

वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. ते २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात झळकले. नियमांच्या अडथळ्यांमुळे नोंदणीसाठी नोव्हेंबर २०१७ उजाडले, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये मिळाली. ऑगस्ट २०२० मध्ये चाचणी झाली ती धुळ्याच्याच धावपट्टीवर.

मग इंजिनाचे घोडे अडते कुठे?

यादव यांनी बांधले ते विमान. इंजिनाची वाट याहून लांब आहे. मापात बसला म्हणून कोणताही भाग विमानाच्या इंजिनात बसवता येत नाही. धातू कोणता, त्यावर उष्णताप्रक्रिया कशी झाली, तो कोणत्या खेपेतला, याची कागदोपत्री साखळी लागते. अमेरिकी नियमांनुसार नव्या इंजिनाला १५० तासांची सहनशक्ती चाचणी द्यावी लागते. एवढा खर्च करून मागणी मात्र मोटारसायकलच्या तुलनेत नगण्य.

राज्यात क्षमता आहे का?

आहे. अहिल्यानगर येथील ‘व्हीआरडीई’ या संरक्षण प्रयोगशाळेने ‘निशांत’ या मानवरहित विमानासाठीच्या ५५ अश्वशक्तीच्या वँकेल इंजिनाच्या विकासात वाटा उचलला. २००९ मध्ये त्यावर ‘निशांत’ उडाले. पण विद्यार्थी बसणाऱ्या विमानासाठी सुरक्षेचे निकष अधिक कडक असतात.

पुढे काय?

संपूर्ण इंजिनापेक्षा वारंवार बदलावे लागणारे भाग आधी देशात प्रमाणित होणे अधिक व्यवहार्य ठरेल. आयात भागाची वाट पाहत विमान उभे राहिले, की विद्यार्थ्याचे तास रखडतात आणि खोलीचे भाडे, खाणावळ सुरूच राहते. कर्ज काढून शिकणाऱ्या घराला हा विलंब सर्वांत महाग पडतो.