‘पिणारा पिणारच’ म्हणणाऱ्यांना

जून २०२५ मध्ये राज्य सरकारने दारूवरचे उत्पादन शुल्क वाढवले, तेव्हापासून अलिबागच्या चहाच्या टपऱ्यांवर एक वाक्य फिरते आहे. अलीकडे तेच वाक्य एका जाणत्या गृहस्थांच्या लेखात वाचले. लेख लांबलचक आहे, पण त्याचा अर्क दोन शब्दांचा: ‘पिणारा पिणारच.’ भाव वाढवला म्हणून दारुडा सुधारत नाही, तो पोराची फी पिईल, बायकोच्या मासळीच्या पाटीतले पैसे काढून नेईल, नाहीतर गावठीकडे वळेल. म्हणजे भाववाढ हा गरिबाच्या पोटावर पाय, विषारी दारूला आवतण आणि वर आमच्या पर्यटनाचा घात. सरकारला दारूबंदी नको, तिजोरी भरायची आहे, एवढे सांगून गृहस्थांनी लेखणी ठेवली आहे.

शेवटच्या आरोपाबद्दल मी त्यांच्याशी भांडणार नाही. या वाढीतून १४,००० कोटी रुपये जादा मिळतील, असे सरकारने स्वतःच सांगितले होते. पण ‘पिणारा पिणारच’ हे वाक्य मला सोडवत नाही. ते गरिबाच्या कळवळ्याने बोलले जाते आणि त्याचा फायदा दारू विकणाऱ्याला होतो.

१४ जुलै २०२५ रोजी राज्यभरातल्या बार आणि परमिट रूमनी बंद पाळला. व्हॅट ५ वरून १० टक्के झाला, परवाना शुल्क १५ टक्क्यांनी वाढले आणि त्यावर ही शुल्कवाढ आली, आता धंदा बसेल, ही त्यांची तक्रार. धंदा बसेल म्हणजे काय होईल? गिऱ्हाईक कमी येईल, आले तरी कमी घेईल. पिणारा खरोखरच कोणत्याही भावाला तेवढीच पिणार असता, तर बारमालकाने शटर ओढायचे कारण काय होते? वाढलेला कर त्याने गिऱ्हाइकाकडून वसूल केला असता आणि तो सुखाने झोपला असता. दारूचा भाव आणि दारूचा खप यांचे नाते या राज्यात सर्वांत चांगले कोणाला कळत असेल, तर गल्ल्यावर बसणाऱ्याला. त्याने आपले मत एक दिवस धंदा बंद ठेवून नोंदवले. आमच्या गृहस्थांनी निदान त्याचे तरी ऐकावे.

‘पिणारा पिणारच’ म्हणणाऱ्या मंडळींचा नोव्हेंबर २०२१ मधला उत्साह मला आठवतो. तेव्हा आयात स्कॉचवरचे शुल्क ३०० टक्क्यांवरून १५० टक्क्यांवर आणले गेले. भाव उतरेल, चोरटा माल थांबेल, विक्री एक लाख बाटल्यांवरून अडीच लाखांवर जाईल आणि महसूल वाढेल, असा हिशेब मांडला गेला आणि सर्वांनी माना डोलावल्या. त्यातला काही भाग चोरट्या बाजारातून दुकानात येणाऱ्या बाटल्यांचा होता, हे मान्य. तरीही भाव उतरला की खप वाढतो हे त्या दिवशी कोणालाच खटकले नाही. भाव चढला की खप घटतो, एवढे म्हटले की मात्र तेच अर्थशास्त्र अचानक भाबडे ठरते. दोन महिन्यांनी किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत वाईन ठेवायचा निर्णय आला, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हेच, तो शेतकऱ्याचा प्रश्न आहे, असे याच तोंडांनी सांगितले होते. तो वाद आता शिळा झाला, पण त्यातली युक्ती जुनी होत नाही. दारूची बाजू घ्यायची असली की आधी एखाद्या गरिबाला पुढे करायचे.

‘पिणारा’ म्हणजे नेमका कोण, हे या लेखात कुठेही सांगितलेले नाही. लेख वाचताना डोळ्यांपुढे येतो तो एकच माणूस: हात थरथरणारा, सकाळी उठल्याबरोबर दारू लागणारा, घरदार विकून बसलेला. तो आहे, प्रत्येक गावात आहे आणि भाव वाढल्याने तो उद्या बाटली सोडणार नाही, हे खरे. पण एकूण पिणाऱ्यांत तो थोडा आहे. उरलेले कोण, हे पाहायचे असेल तर पगाराच्या आठवड्यात संध्याकाळी एखाद्या वाईन शॉपसमोर उभे राहा. तीन पोरे येतात, बाईक कडेला लावतात आणि कॉन्ट्री काढतात. एकाचे शंभर, दुसऱ्याचे ऐंशी, तिसरा खिसे उलटे करून सत्तर. बेरीज होते अडीचशे, आणि मग काय घ्यायचे ते ठरते. ब्रँड आधी ठरवून त्यासाठी पैसे शोधणारे गिऱ्हाईक वेगळे, ही पोरे वेगळी. यांची तहान खिशाच्या मापाची आहे. विदेशी मद्य म्हणतात त्या इथल्याच बनावटीच्या दारूची १८० मिलीची क्वार्टर पूर्वी ११५ ते १३० रुपयांना सुरू होत असे, आता किमान भाव २०५ झाला. त्या अडीचशेत आधी दोन क्वार्टर बसत होत्या, आता एक बसते. तिघांत दोन आणि तिघांत एक यातला फरक ‘पिणारा पिणारच’ या वाक्यात मावत नाही. तो पोयनाडकडे जाणाऱ्या काळोख्या रस्त्यावर बाईक चालवताना कळतो, आणि दार उघडणाऱ्या आईला कळतो.

होडीवरून उतरलेला खलाशी, वाटा हातात पडलेल्या दिवशी पिणारा. लावणी आटोपल्यावर पिणारा गडी. लग्नाच्या हळदीला पहिल्यांदा ग्लास हातात घेतलेला अठरा वर्षांचा पोरगा. हे सगळे पिणारेच. यांतला कोण दहा वर्षांनी थरथरत्या हातांचा होईल, हे आज कोणीच सांगू शकत नाही. प्रत्येकाची वाट दर आठवड्याला किती पोटात जाते यावरून ठरते, आणि ते ‘किती’ भाव ठरवतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातले सुमारे १४ टक्के पुरुष दारू पितो म्हणाले. म्हणजे न पिणारे कितीतरी पट जास्त आहेत. त्यांना तिकडे वळू न देणे हे काम नाही का?

माझ्या नजरेवर विश्वास नसेल तर आकडे घ्या. जगभरातल्या ११२ अभ्यासांची एकत्रित छाननी २००९ साली प्रसिद्ध झाली. भाव १० टक्के वाढला की एकूण पिणे सुमारे ५ टक्क्यांनी घटते आणि भरमसाट पिणाऱ्यांचे जवळपास ३ टक्क्यांनी, असे त्यातून निघाले. अट्टल पिणाऱ्यावर परिणाम कमी होतो, पण होतो. उलटी परीक्षाही झालेली आहे. फिनलंडने मार्च २००४ मध्ये दारूवरचा कर सरासरी एक तृतीयांशाने उतरवला. त्यानंतर दारूमुळे होणारे मृत्यू वाढले, आणि त्यांत यकृत कामातून गेलेल्यांचा वाटा मोठा होता. यकृत कामातून जायला वर्षानुवर्षांचे पिणे लागते. म्हणजे ज्यांना भावाने काहीच फरक पडत नाही असे आमचे गृहस्थ सांगतात, तेच लोक स्वस्ताईने आधी गेले.

पोटावर पाय येतो या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते मी झाकणार नाही. स्कॉटलंडने १ मे २०१८ पासून दारूतल्या अल्कोहोलच्या मापावर किमान भाव बांधला. तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने पाच वर्षांनी हिशेब मांडला, तेव्हा निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू, हा नियम नसता तर जितके झाले असते त्यापेक्षा १३.४ टक्क्यांनी कमी आढळले. पण पूर्ण व्यसनात गेलेल्या माणसांच्या पिण्यात स्पष्ट घट दिसली नाही, आणि काहींनी दारूसाठी खाण्याचे पैसे तोडले. या माणसाला भाव नव्हे, उपचार हवा. मात्र त्याच्या नावाने बाकीच्या सगळ्यांसाठी दारू स्वस्त ठेवा, हे कुठले औषध? आणि त्याच्या बायकोची एवढी काळजी असेल तर तिलाच विचारा. गावातले दुकान बंद करा म्हणून बायकांचे मोर्चे मी पाहिले आहेत. दारू स्वस्त करा म्हणून बायकांचा मोर्चा निघाल्याचे कोणी पाहिले असेल तर पुढे यावे.

विषारी दारूचे म्हणाल तर विक्रोळीला २००४ मध्ये आणि मालवणीला जून २०१५ मध्ये माणसे मेली, मालवणीत शंभराहून अधिक, तेव्हा देशी दारूची परवाना असलेली दुकाने मुंबईत उघडीच होती. तिथे लोकांना मारले ते मिथेनॉलने, आणि मिथेनॉल वस्तीपर्यंत पोचू दिले ते पहारा देणाऱ्यांनी. गोव्याच्या स्वस्त बाटल्या महामार्गाने चोरून येतात, त्या नाक्यावर पकडायच्या असतात. आणि रो-रोने गाडी घालून मांडव्याला उतरणारा, रात्रीच्या खोलीला हजारो मोजणारा पर्यटक बाटलीमागे शंभर वाढले म्हणून भाऊच्या धक्क्याला परत जात नाही.

गावठीची गोष्ट मात्र एका ओळीत उडवता येत नाही, कारण ती या जिल्ह्याच्या मातीतली आहे. तेव्हा कुलाबा म्हणवणाऱ्या या जिल्ह्यात माडाची आणि ताडाची ताडी भंडारी समाजाच्या हातची होती, अंमल सौम्य, किंमत थोडी. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा आला आणि इंग्रज सरकारने झाडागणिक कर चढवत नेला. ताडी महाग झाली, झाडावर चढणाऱ्यांचा धंदा मोडला, आणि ठेकेदाराच्या गुत्त्यावर मिळणाऱ्या मोहाच्या कडक दारूला वाट मोकळी झाली. उरणच्या भट्ट्या धडाडत होत्या. लोक चोरून घरी गाळू लागले म्हणून १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच कायदा आला. आदिवासीच्या झोपडीत वाळत घातलेली फुले हा गुन्हा झाला. ‘कमीत कमी पिणे, जास्तीत जास्त महसूल’ हे सरकारचे जाहीर धोरण होते, आणि त्यातला उत्तरार्ध तेवढा मनापासून पाळला गेला.

हा इतिहास आमच्या गृहस्थांनी भाववाढीविरुद्ध साक्षीला काढला आहे. पण साक्ष उलटी जाते. इंग्रजांनी सौम्य पेय महाग केले आणि माणसाला कडक पेयाकडे ढकलले. भावाने लोकांचे पिणे बदलते, हेच त्यातून सिद्ध झाले, बदलायची दिशा तेवढी सरकारने चुकीची निवडली. आणि इथे माझा राग गृहस्थांवरून सरकारकडे वळतो, कारण आजचे सरकार तीच चूक दुसऱ्या टोकाने करते आहे. विदेशी मद्याची क्वार्टर किमान २०५, देशीची ८०, आणि मधोमध ‘महाराष्ट्र मेड लिकर’ नावाची नवी पायरी, १४८ रुपयांची, इथल्याच कारखानदारांसाठी राखलेली. भाव चढवायचा आणि लगेच उतरायला पायरी बांधून द्यायची. कॉन्ट्री काढणाऱ्या पोरांना दोनशे पाच परवडले नाहीत की त्यांनी थांबू नये, एकशे अठ्ठेचाळीसवर यावे, ही सोय सरकारने स्वतः केली. बिअरला हात लावलेला नाही. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे ५२ मिली शुद्ध अल्कोहोल, आणि ४२.८ टक्क्यांची क्वार्टर म्हणजे ७७ मिली. एक बाटली बिअर म्हणजे दोन तृतीयांश क्वार्टर झाली. पोरे सुरुवात कशाने करतात हे अलिबागच्या किनाऱ्यावर सोमवारी सकाळी वाळूत रुतलेल्या बाटल्या सांगतात. भाववाढ फसली असे उद्या कोणी म्हणालेच, तर ती अशी फसवलेली असेल.

मग हवे काय? बाटलीच्या नावावर आणि उत्पादन खर्चावर कर नको, आतल्या अल्कोहोलच्या मापावर हवा. देशी, विदेशी, बिअर, सगळ्यांना मिलीमागे एक किमान भाव, आणि मजुरी वाढेल तसा तो दरवर्षी वाढणारा, नाहीतर दोन-तीन वर्षांत रोजंदारीपुढे तो पुन्हा स्वस्त पडतो. जादा मिळणाऱ्या १४,००० कोटींतला ठरलेला हिस्सा प्रत्येक तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात व्यसनमुक्तीच्या खाटांवर आणि औषधांवर खर्च व्हावा, म्हणजे त्या थरथरत्या हातांच्या माणसाला जायला जागा मिळेल. हातभट्टीसाठी नवा कायदा नको. नवसागर आणि काळा गूळ पोत्याने कोण उचलतो, कुठल्या ओढ्याकाठी धूर दिसतो, हे गावातल्या पोरांनाही माहीत असते आणि बीटवरच्या शिपायालाही.

आणि एक मागणी आमच्या बाजूच्या वाड्यांसाठी. २५ टक्के महिला मतदारांनी सह्या दिल्या तर दुकानाबद्दल मतदान घेता येते, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी बाटली आडवी केली तर दुकान बंद होते. गैरहजर बाई म्हणजे दुकानाच्या बाजूचे मत, असा या नियमाचा अर्थ होतो. आमच्याकडच्या कातकरी वाड्या दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तेव्हा हे मतदान उन्हाळ्यात लावू नका. आषाढ-श्रावणात लावा, जेव्हा त्या बायका घरी असतात.