देवानेही पावती घेतली होती

मी मंगळवेढ्याचा. दामाजीपंतांची गोष्ट आमच्याकडे शाळेत जायच्या आधीच कानावर पडते. दुष्काळात त्यांनी बेदरच्या बादशहाची धान्याची कोठारं लोकांना खुली केली. मग विठू महाराच्या रूपात विठ्ठल बेदरला गेला आणि त्या धान्याचे पैसे भरून आला. यातला एक तपशील मला हल्ली फार मोठा वाटतो. पैसे भरल्यावर विठ्ठलाने रीतसर पावती घेतली आणि ती दामाजीपंतांच्या पोथीत ठेवली. देव असूनही ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणाला नाही.

आपल्याकडचे कॉम्प्युटर सांभाळणारे मात्र नेमकं तेवढंच म्हणतात.

गेल्या दिवाळीत गावी असताना ओळखीच्या एका पतसंस्थेने बोलावलं. पाच शाखा, 26 लिनक्स मशिन्स. ती बसवणारा माणूस दुसरीकडे नोकरीला गेलेला. आठ वर्षं त्याने सगळं हाताने, मनापासून केलं होतं. लिहून मात्र काहीच ठेवलं नव्हतं. नऊ मशिन्सवर फायरवॉल बंद. एका शाखेत बॅकअप ज्या फोल्डरमध्ये जायला हवा, ते फोल्डरच नव्हतं. त्याला फोन लावला. “आता आठवत नाही रे, बघावं लागेल.” लोकांच्या ठेवींचा हिशेब एका माणसाच्या आठवणीवर चालला होता.

याला आपण कौतुकाने ‘त्याचा हात बसलाय’ म्हणतो. मी याला कौशल्य म्हणायला तयार नाही. जे फक्त एकाच्या डोक्यात आहे, त्यावर त्या एकाचाच ताबा असतो. त्याच्या मनात नसलं तरी.

ही सवय आम्हाला कॉलेजात लागते. इंजिनिअरिंगची चार वर्षं मी जर्नलं उतरवली. न केलेल्या प्रयोगांची रीडिंग्ज, सुबक आकृत्या, खाली सही-शिक्का. पण लॅबच्या सर्व्हरवर काय बसवलंय, हे सांगणारा एक कागद तिथे नव्हता. न घडलेल्याची नोंद चोख, घडलेल्याची एक ओळ नाही!

पतसंस्थेत मी पपेट बसवलं. पपेट म्हणजे कळसूत्री बाहुली; 2005 सालापासूनचं हे साधन. प्रत्येक मशिन कसं असायला हवं ते एका सर्व्हरवर लिहायचं आणि प्रत्येक मशिनवर एजंट बसवायचा. एजंट आधी सर्टिफिकेट मागतो, सर्व्हरवरचा माणूस ते मंजूर करतो. पुढे दर 30 मिनिटांनी एजंट सर्व्हरला विचारतो, माझं काय चुकतंय? फरक असेल तेवढाच दुरुस्त करतो, बरोबर असेल त्याला हात लावत नाही.

बसवायला एक दुपार लागली. त्यातली निम्मी एका मशिनपायी गेली. त्याचं घड्याळ मागे होतं, त्यामुळे सर्टिफिकेट चालेना. लिहायला मात्र आठ दिवस लागले, कारण प्रत्येक ओळ प्रश्न विचारत होती. रूटचा पासवर्ड कुणाकडे? पेनड्राइव्ह चालू ठेवायचा का? बॅकअप किती दिवसांचा? हे संस्थेने कधी ठरवलंच नव्हतं. खरं काम ते होतं.

“26 मशिन्सना एवढा पसारा कशाला? एक स्क्रिप्ट लिही,” असं मित्र म्हणाले. स्क्रिप्ट काय करायचं ते सांगते. काय असायला हवं ते सांगत नाही. चुकीची एक ओळ सगळीकडे पसरेल हा आक्षेप खरा आहे. पण ती आधी नुसती तपासून पाहता येते, आणि कुणी कधी बदलली हे गिटमध्ये दिसतं. हाताने केलेली चूक आठ वर्षं दिसत नाही. आणि कंपनीने हात वर केले तर? 2022 मध्ये परफोर्सने पपेट विकत घेतलं आणि 2024 च्या अखेरीस नव्या आवृत्त्या सर्वांसाठी खुल्या राहणार नाहीत असं जाहीर केलं. 2025 च्या सुरुवातीला वापरणाऱ्यांनी ओपनव्हॉक्स नावाने तेच काम पुढे नेलं. कोड उघड्यावर होता, म्हणून ते जमलं.

पपेटच हवं असा हट्ट नाही. अँसिबल घ्या, त्याला एजंटही लागत नाही. हट्ट लिहिण्याचा आहे.

निघताना सचिवांनी विचारलं, “पण तुम्ही पुण्याला गेल्यावर कोण बघणार?” क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? आपल्यावाचून कुणाचं अडतंय हे ऐकायला सगळ्यांनाच आवडतं. मग मी फाइल उघडली आणि त्यांच्या क्लार्कला शेजारी बसवून पहिली ओळ वाचायला सांगितली.