रात्रपाळीतल्या सिस्टरची झोप: तुमच्याही काळजीचा विषय

पुलगावहून रुग्णाला वर्धा, सेवाग्राम किंवा सावंगीला भरती केलं, की रात्री तुमचा आधार असतो तो वॉर्डातल्या सिस्टरचा. तिची झोप झाली का, हे मात्र कुणी विचारत नाही.

रात्रपाळीनंतर दिवसा नीट झोप का लागत नाही? उजेड दिसला की शरीरातलं मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक कमी होतं. त्यात घरची कामं. झोप तुटक होते. सलग 17 तास जागल्यावर सावधता रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असल्यासारखी मंदावते. आपल्याकडे गाडी चालवण्याची मर्यादा 0.03 टक्के आहे!

हे चहा पिऊन सुटणारं नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषानुसार शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात 3 रुग्णांमागे 1 परिचारिका हवी. रात्री तुमच्या वॉर्डात मोजून पाहा. पदं रिकामी राहिली की उरलेल्यांच्या रात्रपाळ्या वाढतात. मे 2022 मध्ये राज्यातल्या सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीविरोधात संपावर गेल्या, तो प्रश्न म्हणूनच तुमचाही आहे.

तुम्ही काय कराल?

- औषध घेताना रुग्णाचं नाव स्वतःहून सांगा.
- साध्या शंका दिवसा विचारा. धाप, छातीत दुखणं, रक्तस्राव असेल तर मात्र लगेच हाक मारा.
- घरातच कुणी सिस्टर असेल तर तिला दिवसा अंधाऱ्या खोलीत सलग झोपू द्या.
- आठवड्यातून 3 दिवस झोप येत नाही, असं 3 महिने चाललं तर डॉक्टरांना दाखवा. झोपेची गोळी मनानं घेऊ नका.